यमुनाबाईची चेष्टा

साहेब, तुम्ही एका बाईला कामचोर ठरवलं. तोंडानं नाही, कागदावर. खाली सही, सहीखाली पदव्या, पदव्यांखाली गोल शिक्का. आठ वर्षं जिचा हात थांबला नाही, तिला तुम्ही चाळीस मिनिटांत कामचोर ठरवलं आणि दुपारच्या गाडीनं निघून गेलात. आता वर्षभरानं तुमचा फॉर्म आला आहे. कोण कसं काम करतं, कोण टिकलं, कोण सोडून गेलं, ते मी भरून पाठवायचं आहे म्हणे. भरते. पण तुमच्या रकान्यांत ते मावत नाही, म्हणून कोऱ्या कागदावर भरते.

यमुनाबाई तुम्हाला आठवणार नाही. तुमच्याकडे ती सतरा नंबर आहे. आम्ही दोघी पांढुर्ण्याच्या, बुद्धविहारामागच्या एकाच वस्तीतल्या. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. स्टेशनजवळच्या संत्र्याच्या शेडात आम्ही फळ निवडायचो. मोठं वेगळं, बारीक वेगळं, डागी वेगळं. मग तणस घालून पेट्या भरायच्या. हे काम कुणालाही येतं. यमुनाबाईला येत होतं ते वेगळं होतं. संत्रं हातात घेतलं की तिला आतलं कळायचं. साल फुगलेली, रंग झकास आणि आत फोडी सुकलेल्या, अशा फळाला आम्ही फोपसं म्हणतो. ते डोळ्यांना दिसत नाही. तळहाताला दिसतं, पण सगळ्यांच्या नाही.

एकदा भगवंतरावांचा ढीग आला. मोठे बागाईतदार, फळ असं की पाहत राहावं. यमुनाबाईनं अर्धा ढीग बाजूला लोटला.

"काय करून राहिली वं?" भगवंतराव म्हणाले. "डोये फुटले काय तुये?"

"डोयानं नाई पाहून राहिली बाबाजी, हातानं पाहून राहिली. आत कोरडं हाय."

"तुले आतलं दिसते?"

"फोडून पाहा नं."

त्यांनी एक फोडलं. दुसरं फोडलं. सातवं फोडलं. आत कापसासारखा चोथा. भगवंतरावांनी हात पुसले. त्यांनी चहा मागवला. स्वतःसाठी.

पंच्याऐंशी साली सौंसरच्या अलीकडे तुमचा रसाचा कारखाना उभा राहिला. शेडातल्या बायांना हंगामी म्हणून घेतलं. सकाळची बस, संध्याकाळची बस. रबराचा पट्टा सरकत यायचा, त्यावर संत्री, दोन्ही बाजूंना आम्ही. पट्ट्यावर यमुनाबाईसमोर पंचफुला उभी राहायची. पंचफुलाचं तोंड बंद राहत नव्हतं. मॅनेजरच्या चालण्याची नक्कल, सुपरवायझरच्या खोकल्याची नक्कल. आम्ही हसायचो आणि फळ निसटून जायचं. मग मॅनेजरनं पांढुर्ण्याच्या विजय पेंटरकडून भिंतीवर लाल अक्षरांत लिहून घेतलं: कामाच्या वेळी चेष्टा-मस्करी करू नये. कारखाना मध्य प्रदेशातला, बाकी सगळ्या पाट्या हिंदीत होत्या. ही एकच मराठीत, कारण ही आम्हाला कळायला हवी होती.

ही पाटी लक्षात ठेवा, साहेब.

हंगाम संपला की फाटक बंद. मग आम्ही कुणाच्या तरी कपाशीत निंदायला. यमुनाबाईचा डावा गुडघा धरत होता. उकिडवं बसलं की उठताना ती आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायची. म्हणून बातमी आली की कारखाना सहा निवडणाऱ्या बाया कायम करणार, बारमाही, उभ्या कामाला, तेव्हा तिनं बसमध्ये मला हळूच सांगितलं, "पुष्पा, सहा जागा हायेत. त्यातली एक मायी हाय. बाकीच्या पाच तुम्ही वाटून घ्या."

तिच्या सासूला, शकुबाईला, तिनं सांगूनही टाकलं होतं की यंदापासून मी निंदायला येणार नाही.

मग त्या सहाजणी परीक्षा घेऊन निवडायला तुम्ही आलात. पहिल्या दिवशी पट्टा बंद करून आम्हाला उभं केलं आणि भाषण दिलंत. संशोधन झालेलं आहे, म्हणालात. माणूस कामात किती चमकेल हे त्याची बुद्धी आणि त्याचा स्वभाव आधीच सांगतो. किती वर्षं काम केलं यानं फारसं कळत नाही. आणि मग तुम्ही ते वाक्य बोललात, जे मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं: "यहाँ न जात चलेगी, न सिफ़ारिश. सिर्फ़ बुद्धि और स्वभाव."

मला ते पटलं. आजही अर्धं पटतं. कामाला डोकं लागतं आणि स्वभाव लागतो हे शेडातल्या कुणालाही ठाऊक होतं. पंचफुलाचं डोकं चालायचं पण चित्त उडायचं. शेडातली मनकर्णाबाई मन लावून करायची पण तिला डागी आणि चांगलं सारखंच. हे आम्ही एक दिवस शेजारी उभं राहून सांगू शकत होतो. तुम्ही शेजारी उभे राहिला नाहीत. पण भांडण तुमच्या विद्येशी नाही. ते वेगळ्याच गोष्टीशी आहे.

आडनाव लिहायचं नाही, फक्त नंबर लिहायचा, हे ऐकून आमच्या वस्तीतल्या बाया किती हरखल्या ते तुम्हाला कळणार नाही. आमच्या घरात कागदावर विश्वास ठेवायला शिकवतात. माणूस तोंड पाहून बोलेल, कागद तोंड पाहत नाही. यमुनाबाईनं परीक्षेला चौदा एप्रिलला नेसते ती पांढरी साडी काढली. दाराशी उभ्या राहिलेल्या शकुबाई म्हणाल्या, "लगनाले चालली का पेपराले?"

"पेपरालेच चालली. लगनात कोनं नंबर देल्ला मले?"

रविवार होता. सौंसरच्या एका शाळेत बाकं मांडलेली. एक्केचाळीस बाया. तुम्ही मॅनेजरबरोबर जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून आला होतात, कपाळावर शेंदूर होता, हातात घड्याळ. म्हणालात, बोलायचं नाही, विचारायचं नाही, बोललं तर कागद काढून घेऊ.

पहिला भाग चित्रांचा. चार आकृत्या, त्यातली वेगळी ओळखा. यमुनाबाई माझ्या पुढच्या बाकावर होती. तिनं पान पाहिलं आणि पुटपुटली, "हे तं संत्रेच हायेत." मी विसाव्या चित्रावर होते तेव्हा ती पेन्सिल ठेवून खिडकीबाहेर पाहत बसली होती.

दुसरा भाग स्वभावाचा. साठ वाक्यं हिंदीत, समोर हाँ आणि नहीं. तुम्ही म्हणालात, यात बरोबर-चूक काही नसतं, मनात पहिलं येईल त्यावर खूण करा. साहेब, ते खोटं होतं. बरोबर-चूक होतं, ते तुमच्या बॅगेत होतं.

सातवं वाक्य मला आजही पाठ आहे. "मैं प्रत्येक कार्य में चेष्टा करता हूँ।"

यमुनाबाई मराठी शाळेत सातवी शिकली. बाजारात, बसमध्ये, मॅनेजरशी हिंदी बोलते, कुठं अडत नाही. पण बाजारात कुणी चेष्टा म्हणत नाही, कोशिश म्हणतात. तुमच्या पुस्तकातल्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. आणि चेष्टा करू नये हे तुमच्याच कारखान्याच्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांसमोर, लाल अक्षरांत दोन हंगाम लिहिलेलं होतं.

सातवं झालं. मग एकोणिसावं: "असफल होने पर मैं पुनः चेष्टा करता हूँ।" मग तिसावं: "मैं अपने साथियों को भी चेष्टा के लिए प्रेरित करता हूँ।" मग बेचाळिसावं: "अधिकारी उपस्थित न हों, तब भी मैं चेष्टा करता हूँ।" आता तिच्या डोक्यानं वाचून पाहा. साहेब नसताना टिंगल करतेस का? सोबतच्यांना टिंगल करायला लावतेस का? पुढे आणखी एक, अशी एकूण पाच वाक्यं. ती म्हणाली असेल, पंचफुलाला पकडायला काढलेला पेपर आहे हा.

बेचाळिसाव्या वाक्यावर ती जराशी मागं टेकली आणि मान न वळवता बोलली, "पुष्पा, हे चेष्टा-चेष्टा काय लावलं वं यायनं?"

मला अर्थ माहीत होता. माझा बाप रेल्वेत गँगमन, बदल्या आमल्याच्या बाजूला, हिंदी मुलखात, माझी शाळा हिंदी. चौथीच्या पुस्तकात होतं, चेष्टा करनेवाला एक दिन अवश्य सफल होता है.

मी मान खाली घातली आणि त्रेचाळिसाव्यावर खूण केली.

नंतर मी स्वतःला सांगितलं की नियम होता. तुम्ही पाहत होतात. कागद काढून घेतला असता. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही. कारण एवढंच की जागा सहा होत्या.

परीक्षा सुटल्यावर बस स्टँडवर ती खुशीत होती. शेंगा घेतल्या, अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या.

"त्या चेष्टेच्या साऱ्यायले मी नाई म्हून ठोकलं," ती म्हणाली. "दोन वेळा खूण गडद केली. आपन कोनाची चेष्टा करत नाई नं, करतो काय?"

"नाई," मी म्हटलं.

तुम्ही तेव्हा शाळेतच होतात. कागदांचा गठ्ठा बांधत होतात. बस यायला वेळ होता. मी शेंगा खाल्ल्या.

वीस दिवसांनी निकाल फाटकाच्या आत लावला. दोन रकाने. बुद्धी: सतरा नंबर, एक्केचाळीस बायांत पहिली. स्वभाव: सतरा नंबर, शेवटून दुसरी. शेवटून पहिली मनकर्णाबाई. शेरा तुमच्या अक्षरात: कठिनाई में प्रयास न करने की प्रवृत्ति. स्थायी नियुक्ति हेतु अनुपयुक्त.

शेरा पंचफुलानं मोठ्यानं वाचला. "डोकं हाय पन हात हालवत नाई. बाप्पा, हे तं मायी सासू झाली." सगळ्या हसल्या. मग त्यांनी आपापले नंबर पाहिले आणि हसायच्या थांबल्या. मराठी शाळेतल्या एकोणतीस बाया होत्या. त्या सगळ्यांना स्वभावात कमी, सगळ्यांपुढे तोच अनुपयुक्त शेरा. निवडलेल्या सहाही हिंदी शाळेतल्या. सहावा नंबर माझा.

यमुनाबाई कागदासमोर उभी राहिली. ती पहिली आली ते तिनं पाहिलंच नाही. ती दुसराच रकाना वाचत होती, बोट ठेवून, एकेक अक्षर.

"म्हंजे मी कामचोर," ती म्हणाली. मला नाही, कागदाला.

दुपारच्या सुट्टीत मी तिला सांगितलं. चेष्टा म्हणजे काय ते सांगितलं. ती चपातीचा घास हातात धरून ऐकत राहिली.

"तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"तिथंच. तू इचारलं तवाच."

तिनं घास परत डब्यात ठेवला. "मंग तू चेष्टा केली नं मायी," ती म्हणाली.

ती डबा बांधू लागली. गाठ बसेना, पुन्हा सोडून बांधली. मग म्हणाली, "चाल. साहेबाले सांगू. शानपनाचा मानूस हाय, समजंल त्याले."

साहेब, त्या वेळेपर्यंत ती तुम्हाला शहाणा समजत होती.

तुम्ही मॅनेजरच्या खोलीत होतात. आम्ही सहाजणी उद्यापासून कायम, त्याचे कागद करायला आला होतात. मी हिंदीत नीट मांडलं. शब्द सांगितला, दोन्ही अर्थ सांगितले, एकोणतीस बाया सांगितल्या. तुम्ही आधी समजला नाहीत. मग समजलात आणि हसलात. वाईट हसला नाहीत, मनापासून हसलात. मॅनेजरला म्हणालात, "देखिए तो, कितनी मज़ेदार बात है." मॅनेजरही हसला.

"चेष्टा माने कोशिश," तुम्ही तिला म्हणालात. "इतना तो सबको आता है."

"साहब, कोशिश लिखते तो मैं हाँ लिखती," यमुनाबाई म्हणाली. "तुमारे ही भीत पे लिखा है, चेष्टा नहीं करना. मैंने नहीं की."

"वह तो मराठी में लिखा है."

"मैं भी मराठी में हूँ, साहब."

तेव्हा तुमचं हसू थोडं कमी झालं. मग तुम्ही समजावून सांगितलंत, शाळेत सांगतात तसं. ही परीक्षा चार हजार माणसांवर तपासलेली आहे. एका शब्दासाठी बदलता येत नाही. बदलली तर ती परीक्षाच राहत नाही. मी विचारलं, त्या चार हजारांत पांढुर्ण्याचे किती? तुम्ही मॅनेजरकडे पाहिलंत. आणि मग ते बोललात. "जिसमें सचमुच लगन होती, वह अर्थ पूछ लेती."

"आपने बोला था, पूछना नहीं," यमुनाबाई म्हणाली.

"फिर भी," तुम्ही म्हणालात.

साहेब, मी पुष्कळ वाचलं आहे. रद्दीतलं, वाचनालयातलं, हाती लागेल ते. माणसाला चिरडणारे शब्द मोठे असतात असं मला वाटायचं. ते एवढेसे असतात. फिर भी.

चहा आला. तीन कप. एक तुम्हाला, एक मॅनेजरला, एक मला, कारण मी उद्यापासून कायम होते. यमुनाबाई उभी होती. मी तो चहा प्यायले. तेही लिहून ठेवा.

हंगाम संपला. पुढच्या हंगामाला यमुनाबाई पहिल्याच दिवशी फाटकावर आली, हंगामी कामाला. चौकीदारानं यादी पाहिली. अनुपयुक्त शेरा असलेल्यांना हंगामीही घ्यायचं नाही, असा हुकूम आला होता. एकोणतीसच्या एकोणतीस परत गेल्या. पंचफुलासुद्धा. जाताना ती म्हणाली, "आता पाटी पुसून टाका म्हना, हसनारं कोनी उरलं नाई." पाटी अजून आहे.

आता तुमचा फॉर्म. सहा निवडलेल्यांबद्दल मॅनेजरनं आधीच भरलं आहे: सहाही उत्तम. म्हणजे तुमची परीक्षा खरी ठरली. तुम्ही हे कुठंतरी छापाल. चार हजारांत आणखी एक्केचाळीस मिळवाल. पण साहेब, उत्तम कुणापेक्षा? पट्ट्यावर आम्हीच आहोत. ज्यांना तुम्ही आत घेतलं नाही त्यांनी कसं काम केलं असतं, ते लिहायला तुमच्या फॉर्मात जागा कुठे आहे? मी सांगते माझं. मी वेळेवर येते, बोलत नाही, सुट्टी घेत नाही. माझ्या हाताला आतलं कळत नाही. फोपसं फळ माझ्या समोरून रोज जातं. रस कमी निघाला की मॅनेजर म्हणतो, यंदा बहरच खराब. मी मान हलवते. उत्तम.

आणि नापास झालेल्यांपुढे तुम्ही दोनच चौकटी ठेवल्या आहेत. कार्यरत. छोड़ दिया. काढून टाकलं, अशी तिसरी चौकट नाही. सतरा नंबरसमोर मी दुसरीत खूण करायची. मग तुम्ही म्हणाल, पाहा, परीक्षेनं आधीच सांगितलं होतं, ही टिकणार नाही. तुम्हीच फाटक लावायचं आणि तुम्हीच लिहायचं की ही आत आली नाही.

मागच्या रविवारी मी फॉर्म घेऊन तिच्याकडे गेले. ती तिगावच्या बाजूला निंदायला जाते आता. नुकतीच आली होती, ओसरीवर पाय लांब करून बसली होती, डाव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. फॉर्म तिनं वाचला. आता ती हिंदी शब्दावर थांबून वाचते, प्रत्येक शब्दावर, जसं काही त्याच्यात काटा असेल.

"मी सोडलं नाई," ती म्हणाली.

"मले माहीत हाय, यमुनाबाई."

"तुले तं तवाबी माहीत होतं." मग तिनं फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. "भर. तुले येते हिंदी."

शकुबाईंनी आतून विचारलं, कोण आलं आहे. ती म्हणाली, "कोनी नाई, कारखान्यातली बाई हाय."

म्हणून हे पाठवते आहे, साहेब. तुमचा फॉर्म सोबत जोडला आहे. सतरा नंबरपुढच्या दोन्ही चौकटी कोऱ्या आहेत. त्याखाली मी माझ्याकडून एक वाक्य घातलं आहे. तुम्ही साठ विचारलीत, माझं एकच आहे, आणि ते मराठीत आहे:

मी यमुनाबाईची चेष्टा केली. हो. नाही.

माझी खूण मी केली आहे, हो वर, दोन वेळा गडद. त्या खुणेशेजारी तुमची चौकट रिकामी आहे. बोलायचं नाही, कुणाला अर्थ विचारायचा नाही, मनात पहिलं येईल तेच. पेन्सिल घ्या आणि उत्तर पाठवा.